गुडघ्याची गादी पुन्हा भरते का?



कापसाची वेचणी सुरू झाली की मिस्सानंतर गुडघ्याच्या तक्रारी ऐकू येतात. "फादर, गादी घासली, वंगण संपलं म्हणतात. इंजेक्शनानं गादी परत भरते म्हणे, घेऊ का?" त्यापायी घरातले जनावर विकण्याची भाषा कानी आली, म्हणून हे सविस्तर लिहितो.

ही गादी म्हणजे कूर्चा. हाडांच्या टोकांवरचा तो काही मिलिमीटर जाडीचा, गुळगुळीत थर. बोट कापले तर रक्त येते, खपली धरते, जखम भरते. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून तिला ही सोय नाही. सांधा हलला की आतल्या पाण्यातून तिचे पोषण होते, एवढेच. कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही, असे विल्यम हंटर या लंडनच्या शल्यवैद्याने १७४३ सालीच लिहून ठेवले. तिच्यात मज्जातंतूही नाहीत. म्हणून गुडघा दुखू लागतो, तोवर पुष्कळदा बरीच झीज होऊन गेलेली असते.

तरीही वैद्यक हात जोडून बसलेले नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. स्टेडमन यांनी कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडण्याची पद्धत रूढ केली. छिद्रांतून रक्त व मज्जा वर येऊन गोठते आणि खड्डा भरतो. पण भरते ती वणासारखी कच्ची कूर्चा. काही वर्षांनी ती पुन्हा झिजू शकते. दुसरी पद्धत स्वीडनच्या गोथेनबर्गची. रोग्याच्याच कूर्चेचा लहान तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवायच्या आणि खड्ड्यात लावायच्या. जणू रोपवाटिकेतले रोप शेतात लावावे. पहिला रोगी १९८७ चा, आणि अहवाल प्रसिद्ध झाला १९९४ साली. आपल्याकडे मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस कंपनीच्या अशाच उपचाराला २०१७ साली केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली.

आता नीट लक्ष द्या. हे सारे कुणासाठी? कबड्डीत पडून किंवा मोटारसायकलच्या अपघातात ज्याच्या कूर्चेला एका जागी खड्डा पडला आणि बाकी सांधा धड आहे, अशा तरुणासाठी. वावरात एके ठिकाणी खड्डा पडला तर माती टाकून बुजवता येतो. सगळ्या वावराचीच माती वाहून गेली तर टोपलीभर माती काय करणार? साठीतल्या माणसाचा झिजलेला गुडघा या दुसऱ्या प्रकारचा. शिवाय त्या तरुणालाही काही आठवडे कुबड्या वापराव्या लागतात, आणि जड कामाला लागायला वर्षभर जाऊ शकते.

स्वतःचेच रक्त फिरवून गुडघ्यात टोचण्याचे इंजेक्शन हल्ली फार खपते. ऑस्ट्रेलियात २८८ रोग्यांवर ते तपासले. २०२१ च्या निकालात वर्षभरानंतर साध्या मिठाच्या पाण्यापेक्षा ना वेदना जास्त कमी झाली, ना कूर्चा जास्त वाचली. स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, पण वारंवार घेतल्यास कूर्चा आणखी झिजू शकते. बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांतही कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. पुडी घेताच दुखणे जादूसारखे पळाले तर आधी तीच शंका घ्यावी.

खर्च नाही, पण गुण आहे, असे उपाय वेगळेच आहेत. वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, दहा आकडे मोजेपर्यंत धरावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. निंदताना उकिडवे न बसता लहान स्टूल घ्यावे. आणि मिस्सात गुडघे टेकवत नसतील तर खुशाल बसून राहा. देवाला तुमचे गुडघे ठाऊक आहेत.

एवढे करूनही रात्रीची झोप उडत असेल, तर सांधा बदलण्याविषयी नागपूरला मेडिकलमध्ये किंवा एम्समध्ये विचारावे. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. नेहमीच्या प्रकाराची तेव्हा ५४,७२० रुपये, कर वेगळा. जाताना आयुष्मान कार्ड न्यावे, आणि एक्स-रे उभ्याने काढायला सांगावे. आडवे निजून काढला तर सांध्यातली फट किती कमी झाली ते नीट दिसत नाही.