फ्रिअरसाहेबाची शिंदळ माकुडी

पळसदरी आणि जांबरुंग मागे टाकून गाडी ठाकुरवाडीशी आली की बोरघाटाचा काळा कातळ खिडकीच्या अगदी जवळ येतो. पावसाळ्यात त्याच्या भेगाभेगांतून हिरवं काहीतरी डोकावत असतं. कातळावरच्या झाडांचं वेड मला याच घाटानं लावलं.

युरोपात हे वेड जुनं. आल्प्समधली बारमाही फुलझाडं दगडांच्या कपारीत लावून बागा सजवायच्या. रेजिनाल्ड फॅरर यांचं ‘माय रॉक गार्डन’ हे पुस्तक १९०७ साली आलं. कर्जत-खालापूरच्या फार्महाउसवाल्यांना तशीच बाग हवी असते. पण ती झाडं बर्फाखाली महिनोन् महिने निजणारी. आपल्या दमट, उकाड्याच्या रात्री ती कुजतात. त्यांचा नाद सोडावा हे बरं. आपल्या सह्याद्रीतली झाडं उन्हाळ्यात निजतात. ब्लॅटर आणि हालबर्ग या पाद्री वनस्पतिशास्त्रज्ञांनी खंडाळ्याचं नाव दिलेला युफोर्बिया खंडालेन्सिस जमिनीखालच्या कंदावर तग धरतो आणि पानं नसतानाच फुलतो.

माझा जीव मात्र शिंदळ माकुडीत अडकला आहे. १८६३ साली मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यानं बोरघाटाचा लोहमार्ग खुला केला. त्याच सुमारास निकोल डाल्झेल या जंगलखात्याच्या अधिकाऱ्यानं सह्याद्रीतल्या या अनोळखी झाडासाठी नवी प्रजातीच उभी केली आणि तिला गव्हर्नरचं नाव दिलं: फ्रेरिया इंडिका. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा ठिकाणच्या कड्यांवर ते लोंबतं. खोड मांसल. पावसात पानं येतात, उन्हाळ्यात गळून जातात. फूल पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, गडद किरमिजी, वर पिवळे ठिपके.

वर्गीकरणाचं भांडण झालं ते पानांवरून. या झाडाचे जवळचे भाऊबंद जवळजवळ बिनपानांचे, नुसतीच मांसल खोडं. १९५८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ गॉर्डन रौली यांनी त्याला कॅरालुमा या प्रजातीत ढकललं. तिथे ‘इंडिका’ नाव आधीच दुसऱ्याला दिलेलं, म्हणून झाड झालं कॅरालुमा फ्रेरी. पुढे त्याला बाउसेरोसिया या प्रजातीत नेलं. फुलांची रचना पाहता रौलींचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे, हे मान्य. तरी ज्या गोतात सगळ्यांनी पानं टाकली, तिथे एकट्यानं ती राखली, ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही. मी त्याला फ्रेरियाच म्हणतो.

लावायला हे झाड सोपं. रोपवाटिकेतून आणलेल्या फांदीचा चीक सुकू द्यावा, मग ती मुरूम आणि दगडाच्या चुरीत खोचावी. जागा उताराची हवी, पाणी क्षणभरही साचता कामा नये. कर्जतच्या पावसात ते वळचणीखालीच ठेवावं. पानं गळाली की झाड मेलं असं समजून पाणी ओतू नये. गडावरून मात्र फांदीसुद्धा तोडू नये. शेळ्यांचं तोंड पोचत नाही अशा उभ्या कड्यांवरच ते मुख्यतः टिकलं आहे, आणि तिथे हात घालायला आपल्याला काही कारण नाही.