पडद्यावरच्या कडा खुलवणारी कॉइल

पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीत डोळ्यांना अख्खं चित्र दिसतं, पण ते रेखाटतो इलेक्ट्रॉन शलाकेचा एक धावता ठिपका. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ६२५ रेघा. एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद, त्यातले चित्राच्या वाट्याला जेमतेम ५२. एवढ्यात २९ इंची पडदा ओलांडायचा, म्हणजे ठिपक्याचा वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर! आणि या वेगातही मधेच फेरफार करणारं सर्किट सोनीच्या ट्रिनिट्रॉनसारख्या अनेक संचांत असे. त्याचं नाव स्कॅन व्हेलॉसिटी मॉड्युलेशन, थोडक्यात व्हीएम.

काळ्याला पांढरं जिथे भिडतं, तिथे ट्यूबच्या मानेवरची एक छोटी कॉइल शलाकेला क्षणभर ढकलते किंवा आवरते. ठिपका रेंगाळला की ती जागा उजळते, झपकन सरकला की अंधारते. शलाकेचा प्रवाह न वाढवताच कड धारदार दिसते. ही करामत खरोखर थक्क करणारी आहे.

पण मूळ चित्रात नसलेला तपशील ती आणू शकत नाही. काळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरं बारीक होतात, चेहऱ्यांभोवती कोरीव रेघ उमटते. जुने व्हिडिओ गेम खेळणारे आणि चित्राची पारख असणारे म्हणूनच व्हीएम बंद करतात. माझ्या मते ते बरोबरच आहे.

व्हीएम बंद करायचं असेल, तर आधी पिक्चर मेनू पाहावा. काही संचांत ते तिथूनच बंद होतं. काहींत ते सर्व्हिस मेनूत असतं. तिथे काहीही बदलण्याआधी मूळ आकडा कागदावर लिहून ठेवा. तिथेही नसेल, तर उरतं मानेवरच्या कॉइलचा कनेक्टर काढणं. हे काम सीआरटी टीव्ही हाताळलेल्या मेकॅनिकचंच. ट्यूबच्या अ‍ॅनोडवर २५,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते. पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर वेगळाच. मानेची काच नाजूक. तडा गेला की हवा शिरून ट्यूब कायमची निकामी. शेजारीच शलाका वळवणाऱ्या यॉकच्या वायरी असतात. चुकून त्यातली उभ्या स्कॅनची वायर निघाली, तर सगळी शलाका एकाच आडव्या रेघेवर पडून फॉस्फर जळू शकतो.

असा मेकॅनिक मिळाला नाही, तर शार्पनेस खाली आणा. कडांचा भडकपणा बराच उतरतो. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका.