बोर्डातला झिरो: रात्रदिव्याबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत विजेचा बोर्ड जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असतो. चार-पाच बटणं, पंख्याचा रेग्युलेटर, इंडिकेटर आणि एक सॉकेट, सगळं एकाच पाटीवर. पिनेचा रात्रदिवा, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘झिरो’, तिथंच खोचला जातो. त्याच्या खोक्यावरचं चित्र मात्र वेगळंच असतं. चित्रातलं सॉकेट भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर वर, आणि उजेड सरळ फरशीवर सांडलेला. असे दिवे मुळात तशा घरांसाठी निघाले. आपल्याकडं तोच दिवा छातीच्या उंचीला लागतो आणि मग उजेड फरशीवर कमी, खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत जास्त. दुकानात दिवा पेटवून दाखवतात, गिऱ्हाईक ‘मस्त पडतोय’ म्हणून पैसे देतं, पण घरातला बोर्ड कुठं आहे हे कुणी विचारत नाही. रात्रदिव्याबद्दलचे निम्मे गैरसमज यातूनच येतात: दिवा बघून दिवा घ्यायचा, जागा बघून घ्यायचा नाही.

‘जास्त उजेडाचा तो चांगला’

रात्रदिव्याचं काम एवढंच, की झोपेतून उठलेल्या माणसाला उंबरा, पायरी, आडवी पडलेली चप्पल आणि मोरीचं दार दिसावं. खोली उजळणं हे ट्यूबचं काम. अंधारात सरावायला आपल्या डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि झगझगीत दिवा ती कमाई दोन क्षणांत घालवतो. मग त्या दिव्याच्या पलीकडं जे असतं ते आणखीच काळं दिसतं. अंगणातल्या शौचालयाकडं निघालेला माणूस नेमका त्या काळ्या पट्ट्यात पाय टाकतो.

म्हाताऱ्या माणसांचा हिशेब आणखी निराळा. वय वाढतं तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणजे आजीला उजेड जास्त लागतो, हे खरं. पण समोरून येणारा झोत तिला सगळ्यात जास्त त्रास देतो, हेही तितकंच खरं. दोन्ही सांभाळायचं तर उजेड खालून आणि जागोजागी हवा. खाटेजवळ एक मंद, दाराजवळ एक मंद. एकच मोठा लावून भागत नाही.

बोर्ड वर असेल तर काय करायचं? ज्याचं तोंड खाली वळवता येतं असा दिवा घ्या, किंवा ज्याचा उजेड भिंतीवर पडून परत येतो असा. घरात वायरिंगचं काम निघालंच असेल तर खाटेच्या कडेला, जमिनीपासून फूटभर वर एक सॉकेट काढून घ्या. वायरमन हसला तरी हसू द्या. एक्स्टेन्शनची वायर वाटेतून ओढून दिवा खाली आणायचा उद्योग मात्र करू नका. पडू नये म्हणून लावलेल्या दिव्याच्या वायरीतच पाय अडकायचा.

‘झिरो म्हणजे शून्य वॅट’

जुना तारेचा झिरो बल्ब बहुधा १५ वॅटचा असे. रोज दहा तास जळाला तर महिन्याला साडेचार युनिट होतात. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढ्याशा भारानं चकती फिरताना दिसायची नाही, म्हणून ‘याला बिल येत नाही’ ही समजूत पसरली आणि टिकली. आजची इलेक्ट्रॉनिक मीटरं बारीक भारही मोजतात.

एलईडीचा पिनेचा दिवा साधारण अर्ध्या वॅटचा असतो. त्याच दहा तासांना महिन्याचे ०.१५ युनिट. वर्षभराचा हिशेब केला तर जुना बल्ब ५५ युनिटांच्या आसपास जातो आणि एलईडी दोन युनिटांच्या आत राहतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. महिन्याला १०० युनिट ओलांडली की वरच्या युनिटांचा भाव बराच जास्त. काठावर असलेल्या घराला साडेचार युनिटही जाणवतात. माळ्यावर जुने झिरो उरले असतील आणि ‘संपेपर्यंत वापरू’ असा विचार असेल, तर तो तोट्याचा आहे.

‘निळा दिवा थंड, डोळ्यांना बरा’

आपल्याकडं देवघरात लाल आणि झोपायच्या खोलीत निळा किंवा हिरवा, ही जुनीच वाटणी. निळा रंग बघायला शांत वाटतो, त्यात वाद नाही. शरीराचं म्हणणं मात्र उलटं आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र बघत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवतात. त्या सर्वांत जास्त ओळखतात तो निळा उजेड, ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा. तो दिसला की झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं प्रमाण घटतं. अर्ध्या वॅटच्या दिव्यानं कुणाची झोप कायमची उडत नाही, पण रंग निवडायचाच आहे तर पिवळसर, नारिंगी निवडावा. खोक्यावर २७०० के किंवा ‘वॉर्म’ लिहिलेलं असतं तो. ६५०० के किंवा ‘कूल डेलाइट’ तो नको. गडद लाल झोपेला सगळ्यात कमी त्रास देतो, पण त्यात म्हाताऱ्या डोळ्यांना पायरीची कड नीट दिसत नाही, म्हणून नारिंगीच बरा.

निळ्या दिव्यानं डास पळतात, असंही ऐकू येतं. डास माणसाला शोधतात ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून, घामाच्या वासावरून. त्यांना दिव्याच्या रंगाचं फारसं सोयरसुतक नाही. बाकीचे किडे मात्र निळ्या-पांढऱ्या उजेडावर धावून येतात.

‘दिवा लावून झोपवलं की लेकराला चष्मा लागतो’

ही समजूत हवेतून आलेली नाही. १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांचा एक लेख आला. ४७९ मुलांच्या आईबापांना विचारून त्यांनी आकडे मांडले होते. दोन वर्षांच्या आत अंधारात झोपलेल्या मुलांपैकी १० टक्क्यांना लांबचं कमी दिसायचं, रात्रदिव्यात झोपलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना आणि खोलीतला मोठा दिवा लावून झोपलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना. बातमी जगभर गेली आणि आईबाप धास्तावले.

पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दोन वेगळ्या गटांनी आपापले अभ्यास छापले. त्यांना रात्रदिवा आणि चष्मा यांचा असा काही संबंध सापडला नाही. त्यांना सापडलं ते वेगळंच: ज्या आईबापांना स्वतःला चष्मा असतो, ते मुलांच्या खोलीत रात्री दिवा जास्त ठेवतात. त्यांना अंधारात दिसत नाही ना! आणि लांबचं कमी दिसणं आईबापांकडून मुलांकडं येतं. पहिल्या अभ्यासात आईबापांच्या चष्म्याचा हिशेबच धरलेला नव्हता. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीमुळं दुसरी झाली असं होत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. तरी पहिली बातमी अजून फिरते आहे, दुसरी कुणाला माहीत नाही. मुलांचे डोळे सांभाळायचे तर दिवसा उघड्यावर खेळू द्या, त्याचा फायदा बऱ्याच अभ्यासांत दिसलेला आहे.

बाळाच्या काविळीचंही इथंच सांगून टाकतो. नवजात बाळ पिवळं दिसलं की त्याला दिव्याखाली निजवायचा सल्ला घरोघर मिळतो. दवाखान्यात बाळाला ज्या निळ्या उजेडाखाली ठेवतात, त्याची तीव्रता मोजलेली असते आणि तो उघड्या अंगावर जवळून पडतो. घरातला झिरो त्याच्या जवळपासही जात नाही. उलट पिवळ्या दिव्यात बाळाचा पिवळेपणा झाकला जातो. रंग दिवसाच्या उजेडात बघावा आणि शंका आली तर दवाखाना गाठावा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे.

‘उजेड असला की साप-विंचू येत नाहीत’

बालाघाटाच्या कडेच्या गावांत, पाटोदा, आष्टी, धारूरकडं, रात्रदिवा घेण्याचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं. आणि इथं गैरसमज अंगाशी येऊ शकतो. मण्यार रात्रीच फिरते. भक्ष्य शोधत घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश एवढा बारीक की कित्येकदा कळतही नाही. कोपऱ्यातला मंद दिवा तिला अडवत नाही. पांढऱ्या दिव्यावर किडे जमतात, किड्यांमागं पाली आणि बेडूक येतात, आणि त्यांच्यामागं कोण येतं ते सांगायला नको. दारात रात्रभर पांढरा एलईडी जाळणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दिव्याचा खरा उपयोग एवढाच, की पाय टाकण्याआधी खाली काय आहे ते दिसतं. तेही मोठं असेल तर. तांबडा विंचू मुरमाच्या रंगात मिसळून जातो आणि मंद उजेडात तर नाहीच दिसत. दारापुढं जाताना बॅटरी हातात हवी, चप्पल झटकून घालायला हवी, झोपायचं ते खाटेवर आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी आहे, ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी खेड्यातल्या रुग्णांवर काम करून जगाला दाखवलं. साप असो की विंचू, दंश झाल्यावर मांत्रिकाकडं घालवलेला वेळ परत मिळत नाही.

‘एवढुसा दिवा, त्याला कसला करंट’

स्वस्त पिनेच्या दिव्यात आत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर, दोन-तीन रेझिस्टर आणि एलईडी. विजेचा दाब तुटतो, पण आतले भाग २३० व्होल्टच्या लाईनलाच जोडलेले राहतात. वरचं प्लास्टिक फुटलं आणि बोट आत गेलं, तर दिवा अर्ध्या वॅटचा असल्यामुळं झटका अर्ध्या वॅटचा बसत नाही. घाईत उपसलेल्या दिव्याच्या पिनांना हात लागल्यावर झिणझिणी येते, ती कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेमुळं.

म्हणून कवच तडकलेला दिवा फेकून द्यायचा, चिकटपट्टी लावून चालवायचा नाही. सॉकेटमध्ये पिना ढिल्या बसत असतील, चरचर आवाज येत असेल, तर दिवा बदलून उपयोग नाही, सॉकेट बदला. ते आयएसआय खुणेचं घ्या. मोरीजवळच्या, ओल येणाऱ्या भिंतीवरच्या बोर्डात पिनेचा दिवा नकोच. आणि घराला आरसीसीबी बसवून घ्या. विजेची गळती झाली की ती क्षणात पुरवठा तोडते. दिव्याच्या रंगावर वेळ घालवण्यापेक्षा हा खर्च मला जास्त मोलाचा वाटतो.

‘सेन्सर आहे, आता काळजी मिटली’

सेन्सर दोन जातींचे. पहिला उजेड ओळखतो, अंधार पडला की दिवा लावतो. तो स्वतःच्या जागेवरचाच अंधार मोजतो, त्यामुळं पडद्याआड गेला तर दिवसाही जळत राहतो. समोर आरसा किंवा चकचकीत कपाट असेल तर स्वतःच्याच उजेडानं फसून लुकलुकतो. दुसरा हालचाल ओळखतो, म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब आणि भोवतीची हवा यांतला फरक. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रात्रीही हवा अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा हा फरक उरत नाही आणि दिवा उशिरा लागतो, नाहीतर लागतच नाही. हे दिव्याचं बिघडणं नव्हे.

पण दोन्ही जातींची मोठी उणीव वेगळीच. लाईट गेली की पिनेचा साधा दिवाही जातो, म्हणजे ज्या घडीला तो सगळ्यात जास्त लागतो त्याच घडीला. परळीचं औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात असलं तरी दिलासा नाही. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तेच बंद पडलं होतं. आपल्याकडं बॅटरी असलेला दिवा घेणं ही चैन समजू नये. पिनेवर चार्ज होत राहतो, वीज गेली की आपोआप लागतो आणि उपसून हातात धरला की टॉर्चसारखा चालतो. घेताना दुकानदाराला खटका बंद करायला लावा. दिवा तेव्हा पेटतो की विझतो, एवढं बघितलं तरी पुरे.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, साखर कारखान्यांकडं निघतात आणि कित्येक घरांत आजी-आजोबा आणि शाळेतली नातवंडं एवढीच मागं राहतात. अशा घरासाठी नारिंगी उजेडाचा, बॅटरीचा, खाली तोंड असलेला एक आणि दाराजवळ एक, एवढं बास. बोर्डावरच्या या दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर सवयीनं कुणीतरी ते बंद करतं आणि बॅटरी उतरते. सगळं घरच कुलूप लावून जाणार असेल, तर ‘माणसं आहेत असं वाटावं’ म्हणून सेन्सरचा दिवा जळता ठेवायची पद्धत आहे. रोज त्याच खिडकीत तोच उजेड आणि दाराला तेच कुलूप, हे गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला चार दिवसांत कळतं. त्यापेक्षा शेजाऱ्याला सांगून मेन स्विच खाली करा आणि दिवा उपसून सोबत न्या. ऊसतोडीच्या तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पीन लावायला बोर्ड नसतो, पण चार्ज करून आणलेला दिवा तिथं चालतो.