घाटाची किंमत एक युनिट

टाटा टियागो या हॅचबॅकची इलेक्ट्रिक आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली. तिच्या मोठ्या बॅटरीची क्षमता २४ किलोवॅट-तास. किलोवॅट-तास म्हणजे महावितरणच्या बिलावर असतं ते आपलं साधं युनिट. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळपास नऊ युनिट ऊर्जा निघते. म्हणजे चार माणसं आणि त्यांचं सामान घेऊन धावणाऱ्या त्या अख्ख्या गाडीत ऊर्जा असते ती जेमतेम पावणेतीन लिटर पेट्रोलएवढी!

पावणेतीन लिटरवर पेट्रोलची हॅचबॅक पन्नासेक किलोमीटर जाईल. वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्याहून निघालात, तर अकोला जवळ येता येता टाकी कोरडी पडेल. तेवढ्याच ऊर्जेवर इलेक्ट्रिक गाडी मात्र अकोल्याला जाऊन पुन्हा जऊळक्यात येते आणि तरी थोडी शिल्लक ठेवते. हे कसं होतं, ते कळलं की अशी गाडी विकत घेण्याआधी काय तपासायचं, तेही आपोआप कळतं.

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतच नाही. रोजच्या वापरात तिचा साधारण पाव भाग गाडी ढकलतो, बाकीची ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. इलेक्ट्रिक मोटारीत फिरणारा मुख्य भाग एकच, तो म्हणजे रोटर. बॅटरीतून निघालेल्या शंभर भागांतले ऐंशीहून जास्त चाकांना मिळतात. गळतीच इतकी कमी असल्यामुळे खर्चाची बाकीची कारणं उघडी पडतात. समोरचा वारा, रस्त्याचा चढ, दुपारचं ऊन, टायरमधली हवा या सगळ्यांचा खर्च पेट्रोलच्या गाडीतही होतोच, पण इंजिनाच्या उधळपट्टीत तो लपून जातो. इलेक्ट्रिक गाडीत तो स्क्रीनवर दिसतो. म्हणून ही गाडी पारखायची, तर आधी आपला रस्ता पारखावा लागतो.

सुरुवात माहितीपत्रकावरच्या आकड्यापासून करू. टियागोच्या या बॅटरीसाठी सुरुवातीला ३१५ किलोमीटरचा दावा होता. हा आकडा हवेतला नाही, पण तो रस्त्यावरचाही नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था आणि तिच्यासारख्या संस्था गाडीला रोलरवर चढवतात. गाडी जागच्या जागी धावते आणि तिचा वेग ठरलेल्या आराखड्याप्रमाणे कमीजास्त केला जातो. पूर्ण फेरी ११८० सेकंदांची असते. पहिल्या भागात शहरातली थांबत थांबत जाणारी चाल, दुसऱ्या भागात मोकळा रस्ता, आणि तिथेही वेगाची कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. समोरून वारा नाही, खड्डा नाही, चढ नाही. नुसत्या शहरी चालीऐवजी मोकळ्या रस्त्याचा भागही धरून आकडे जाहीर व्हायला लागले, तेव्हा याच बॅटरीचा दावा तीनशेच्या खाली आला. गाडी तीच होती, फक्त मोजण्याची रीत बदलली होती.

आता वाऱ्याचा हिशेब पाहू, कारण सगळ्यात मोठा चोर तोच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून १२० वर गेलात की वेग दुप्पट होतो आणि विरोध चौपट. गाडी आणि चार माणसं मिळून १४०० किलो वजन, एसी चालू आणि रस्ता सपाट, असं धरून ढोबळ गणित केलं तर २४ युनिटांत ताशी ६० च्या संथ चालीने सव्वादोनशे किलोमीटर जाता येतं. ताशी ८० ला ते १८५ वर येतं, १०० ला दीडशेच्या आत, आणि १२० ला सव्वाशेच्याही खाली. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. मालेगाव जहांगीरकडून समृद्धीवर चढून नागपूरला निघालात, तर अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात जातं. म्हणजे १२० ने गेलात तर वाटेत चार्जिंगला थांबावंच लागेल, आणि ८० ने गेलात तर नागपूरच्या तोंडाशी पोहोचता पोहोचता जीव टांगणीला लागेल. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे, पण वाऱ्याचा टोल कोणतंही सरकार माफ करू शकत नाही.

जऊळक्याच्या माणसासाठी या सगळ्यातला सुंदर भाग पुढेच आहे, आणि तो त्याच्या पायाखालच्या जमिनीत आहे. वऱ्हाडाचे दोन मजले आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्यातला पयनघाट, वर बालाघाटचं पठार. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे, वाशिम साडेपाचशेच्या आसपास. मधला फरक साधारण २६० मीटर. जुन्या मीटरगेजच्या गाड्या हाच चढ चढून जऊळका रेल्वे स्टेशनात येत आणि २००८ मध्ये ब्रॉडगेज झाल्यानंतरच्या गाड्याही हाच चढ चढतात. रस्त्याने तो पातूर-मेडशीच्या वळणांवर भेटतो.

१४०० किलो वजन २६० मीटर वर उचलायला किती ऊर्जा लागते? वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार करा. उत्तर येतं छत्तीस लाख ज्यूलच्या जवळ, आणि छत्तीस लाख ज्यूल म्हणजे बरोबर एक युनिट. भरलेली मोटार आणि आतलं कुटुंब पयनघाटातून उचलून बालाघाटच्या पठारावर ठेवायला एक युनिट वीज! मोटारीतली घट धरली तर सव्वा युनिट. अकोल्याहून वाशिमला येणाऱ्या प्रत्येक गाडीने आजवर ही किंमत मोजलेली आहे, फक्त ती कुणाला वेगळी दिसत नव्हती.

आणि उतरताना? पेट्रोलच्या गाडीने घाट उतरताना ब्रेक दाबला की ते युनिट ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात जातं. टाकीत पेट्रोलचा एक थेंबही परत येत नाही. इलेक्ट्रिक गाडीत तुम्ही पाय उचलता तेव्हा चाकं मोटार फिरवायला लागतात आणि मोटार जनरेटर होते. स्क्रीनवरचा काटा उलट्या बाजूला झुकतो आणि वीज बॅटरीत परत जाऊ लागते. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ पासून आलेल्या नव्या गाड्या स्टेशनात थांबताना हेच करतात, त्यांची वीज वरच्या तारेत परत जाते. सगळीच परत मिळत नाही, येता-जाता थोडी घट होतेच. उतार हलका असेल तर त्याहूनही चांगलं: गुरुत्वाकर्षण स्वतःच गाडी ढकलतं आणि मोटारीला वीज घ्यावीच लागत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परतणाऱ्या विजेला जागा नसते, पण जऊळक्याहून निघाल्यावर घाट येईपर्यंत तेवढी जागा झालेली असते.

यातून पठारावरच्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपला जाण्याचा रस्ता उताराचा आणि परतीचा चढाचा. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाऊन यायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. जाताना मीटर खुशीत असतो आणि पुढच्या अंतराचा अंदाजही त्या खुशीतच दाखवतो. येताना तेवढ्याच रस्त्याला दोनेक युनिट जास्त लागतात, आणि तेही बॅटरी तळाला गेलेली असताना. म्हणून निम्मी बॅटरी उरली म्हणजे निम्मा प्रवास उरला, हा हिशेब इथे चालणार नाही. शेगावात दर्शन आणि महाप्रसाद होईपर्यंत गाडी चार्जिंगला लावावी, नाहीतर मोठ्या बॅटरीची गाडी बघावी.

आता बॅटरीच्या आत डोकावू. टियागोसारख्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. लोखंड आणि फॉस्फेटचा हा पदार्थ बॅटरीला चालेल, हे अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी १९९७ मध्ये टेक्सासातून प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवलं. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल मिळालं. चार्जिंग होताना लिथियमचे आयन लोखंड-फॉस्फेटच्या जाळीतून निघून समोरच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. गाडी चालवताना तेच परत फिरतात. वाशिमच्या स्टँडवर एसटी लागली की पहिले प्रवासी पटापट बसतात आणि शेवटच्यांना जागा शोधत आत सरकावं लागतं, तसंच या आयनांचं होतं. म्हणून फास्ट चार्जर १० ते ८० टक्के तासाभरात भरतो आणि उरलेल्या वीस टक्क्यांना ताटकळत ठेवतो. महामार्गावर ८० टक्क्यांवर निघणं शहाणपणाचं.

या रसायनाची फॉस्फेटची जाळी उष्णतेत सहजी फुटत नाही, म्हणून ते तुलनेने सुरक्षित आणि दीर्घायुषी. तरीही विदर्भाचा मे महिना साधा नसतो. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा बॅटरी थंड ठेवायला द्रवाची व्यवस्था आहे की नुसती हवा, हे विचारलंच पाहिजे. टियागोमध्ये द्रव फिरतो, सिट्रोएनच्या ईसी३ मध्ये हवेवर भागवलेलं आहे. या रसायनाची एक गंमतही आहे. भरलेल्या आणि अर्ध्या बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये फार फरक पडत नाही. त्यामुळे किती टक्के उरले, याचा अंदाज गाडीच्या संगणकाला अवघड जातो. अधूनमधून शंभर टक्के चार्ज केलं की त्याचा हिशेब पुन्हा जुळतो. जुनी गाडी बघत असाल तर ती पूर्ण भरून, बरीच चालवून, खर्च झालेली युनिटं आणि उतरलेले टक्के ताडून पाहा. बॅटरीची तब्येत तिथेच कळते. नव्या टियागोच्या बॅटरीला आणि मोटारीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. किती टक्के क्षमता उतरली की बॅटरी बदलून मिळेल, हे कागदावर वाचून घ्यावं.

मग घरची वीज. गावात पेट्रोलपंप दूर असतो, पण सॉकेट ओसरीतच असतं, हा गावाचा मोठा फायदा. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर मोठी बॅटरी रिकामीपासून भरायला आठ-नऊ तास लागतात, म्हणजे रात्र पुरते. पण ते सॉकेट मिक्सरसाठी बसवलेलं नसावं. एवढा वेळ सलग तेरा-चौदा अँपिअर प्रवाह वाहिला तर पातळ वायर आणि सैल सॉकेट तापतं. मीटरपासून गाडीपर्यंत जाड तांब्याची वेगळी वायर, स्वतःचा एमसीबी आणि चांगली अर्थिंग हवी. अर्थिंग नसेल तर गाडीसोबतचा चार्जर लाल दिवा लावून वीज घ्यायला नकार देतो, आणि त्याचं बरोबर असतं. चार्जिंग लावल्यावर तासाभराने प्लगजवळ हात नेऊन पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर वायरमनला बोलवा. वाढीव मंजूर भारासाठी महावितरणकडे अर्ज करावा. रात्री वीज किती तास टिकते आणि व्होल्टेज किती पडतं, हे तुम्हाला कोणत्याही सेल्समनपेक्षा जास्त ठाऊक आहे.

खर्चाचं गणित सरळ आहे. शंभर किलोमीटरला चार्जिंगमधली घट धरून पंधरा युनिट आणि युनिटचा दर दहा रुपये धरला, तर दीडशे रुपये होतात. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी साडेपाच लिटर पेट्रोल लागतं. पण गाडीची किंमत जास्त असते, म्हणून महिन्याला हजारभर किलोमीटर चालणार नसेल तर बचतीचं गणित जुळायला वर्षं लागतात.

बाकीच्या गोष्टी शोरूममध्ये वाकून बघायच्या. स्टेपनी आहे का? अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत तिच्या जागी पंक्चर किट मिळतं, आणि बाभळीचा काटा टायरच्या बाजूला घुसला तर किट कामाचं नाही. बॅटरीला आयपी६७ दर्जा आहे का? याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरत नाही. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालायची परवानगी मात्र तो दर्जा देत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये हाय-व्होल्टेजचं काम शिकलेला मेकॅनिक वाशिमला आहे की अकोल्याला जावं लागेल, हेही विचारा.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. शोरूमभोवतीची एक चक्कर काहीच सांगत नाही. गाडी अकोल्यात बघत असाल तर घरची चार माणसं बसवा, एसी लावा आणि ती पातूरच्या पुढे घाट चढवून आणायला मागा. निघताना, माथ्यावर आणि परत आल्यावर, तीनही वेळा टक्के लिहून घ्या. त्या आकड्यांत तुमचा चढ, तुमचा उतार आणि तुमचं ऊन असेल. मग वर्षातला तुमचा नेहमीचा दिवस बघा. वाशिमचा बाजार, मालेगावचं तहसील, शिरपूरला देवदर्शन, कधी अकोल्याचा दवाखाना. यांतलं काहीच दीडशे किलोमीटरच्या पुढे जात नसेल, तर ही गाडी तुमच्या गावासाठी शहरापेक्षाही जास्त योग्य आहे. नागपूर-पुणे महिन्यातून दोनदा होत असेल, तर आज छोटी बॅटरी घेऊ नका. निर्णय काहीही होवो, एवढं बारकाईने पाहणाऱ्याला आपला मुलूख युनिटांत मोजता येऊ लागतो, आणि हे ज्ञान पुढच्या प्रत्येक गाडीच्या वेळी उपयोगी पडणारं आहे.