गोल निवडुंगाची निगा आणि विक्री

घराच्या खिडकीत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायला आटोपशीर म्हणून गोल निवडुंगाची कुंडी पुष्कळ जण विकत घेतात. नर्सरीवाले त्याला बॅरल कॅक्टस म्हणतात. पिवळ्याधमक काट्यांचा असेल तर गोल्डन बॅरल. भेटवस्तूंच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात जोडधंदा म्हणून अशी रोपे ठेवण्यासही हरकत नाही. अडचण एवढीच की, घरी नेलेल्या रोपांपैकी बरीच पहिल्याच पावसाळ्यात सडून जातात आणि गिऱ्हाईक म्हणते, माल खराब होता. कधी तो खराब असतोही. म्हणून ठेवणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही या झाडाचा स्वभाव समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

सोनेरी काट्यांचा हा निवडुंग मूळचा मेक्सिकोचा. केरेतारो व इदाल्गो या प्रांतांच्या हद्दीवरील दऱ्यांत, दगडी उतारावर तो वाढतो. १८८६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि जर्मनीतील माग्डेबुर्गचे कारखानदार हेर्मान ग्रूसोन यांचे नाव त्याला मिळाले. १९९० च्या दशकात तेथे सिमापान धरण झाले व त्याच्या मूळ जागेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आज रानात तो धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. बाजारात मात्र बियांपासून नर्सरीत वाढविलेली रोपे जगभर मिळतात. युरोपात त्याला गमतीने ‘सासूबाईंची गादी’ म्हणतात. सासवांनी राग मानू नये.

झाडाच्या अंगावर उभ्या घड्या असतात, त्या पेटीच्या भात्यासारखे काम करतात. पाणी मिळाले की अंग फुगते, पाणी संपत आले की घड्या आवळतात. पाने नाहीत, त्यांच्या जागी काटे. आणि बहुतेक झाडे दिवसा श्वासरंध्रे उघडतात, तर हा रात्रीच्या गारव्यात उघडतो. म्हणजे पाणी जपून वापरण्याची सगळी व्यवस्था त्याच्याजवळ आहे. जास्तीचे पाणी टाकून देण्याची व्यवस्था मात्र नाही. मुळे ओल्या मातीत राहिली की बुरशी लागते आणि सड खालून वर चढते. हे झाड तहानेने क्वचितच मरते. मरते ते बहुधा लाडाने.

म्हणून सगळी मेख मातीत आहे. बागेतील काळी माती एकटी कधीही वापरू नये. ती पाणी धरून ठेवते व सुकल्यावर ढेकळासारखी घट्ट होते. एक भाग साधी माती, एक भाग पूर्ण कुजलेले पानांचे खत आणि दोन भाग जाड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे, असे मिश्रण करावे. रेती चाळून घ्यावी आणि चाळणीत वर राहते ती वापरावी. खाली पडणारी बारीक वाळू मातीत बसून पाण्याची वाट अडविते. कोकणातील वाचकांनी समुद्राची वाळू घेऊ नये, तिच्यात मीठ असते. मूठभर कोळशाचे तुकडे घातले तर चांगलेच. ताजे शेण व युरिया यांपासून दूर राहावे. त्याने झाड भराभर फुगते, पण पिलपिलीत होते.

कुंडी मातीची, कुंभाराकडची घ्यावी. तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. तळाला भोक पाहिजेच. चिनी मातीच्या मगात किंवा काचेच्या भांड्यात लावलेले रोप दिसते सुरेख, पण पाण्याला बाहेर पडायला जागा नसते. कुंडी झाडापेक्षा दोन-तीन बोटे रुंद असली की पुरे. मोठी घेतली तर मुळे पोहोचत नाहीत तेथली माती ओलीच राहते.

पाणी घालण्याची रीत अशी. घालायचे तेव्हा भरपूर, खालच्या भोकातून निघेपर्यंत घालावे. बशीत साचलेले ओतून टाकावे. नंतर माती तळापर्यंत सुकेपर्यंत हात लावू नये. सुकली की नाही हे वरून कळत नाही. उदबत्तीची जळून उरलेली काडी मातीत खोल घालून थोड्या वेळाने काढावी. तिला ओलसर माती चिकटली तर थांबावे. उन्हाळ्यात आठ ते बारा दिवसांनी आणि थंडीत महिन्यातून एकदा, हा ढोबळ हिशेब झाला. मालेगावची कोरडी हवा आणि रत्नागिरीची दमट हवा यांत फरक पडणारच, तेव्हा तारखेपेक्षा काडीवर विश्वास ठेवावा. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्यावी व पाणी जवळजवळ बंद करावे. पुष्कळ घरांत वुजू करतात त्या नळाजवळच कुंड्या मांडलेल्या असतात. इतर झाडांना ती जागा बरकतीची आहे. हे झाड तेवढे तेथून हलवावे.

उजेड मात्र त्याला भरपूर लागतो. दुकानाच्या आत ट्यूबलाइटखाली ठेवलेले रोप काही महिन्यांत वरच्या टोकाला फिकट व निमुळते होते आणि पुन्हा गोल होत नाही. दुकानदाराने दोन कुंड्या ठेवून आठवड्याआड आलटून पालटून उन्हात न्याव्यात. सावलीतून एकदम एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात नेले तर साल भाजते व तो डाग कायम राहतो. आधी सकाळचे कोवळे ऊन, मग हळूहळू वाढवावे.

कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुसून काढावा. जुन्या झाडाचा बुंधा तपकिरी व कडक होतो, तो वयाचा परिणाम आहे, रोग नव्हे. बुंधा तपकिरी आणि मऊ झाला, बोटाने दबू लागला, तर ती सड. फांद्यांच्या निवडुंगाची चांगली फांदी कापून वाचविता येते. या एकांड्या गोळ्याच्या बाबतीत तो उपाय सहसा साधत नाही.

आता विक्रीविषयी. ही सड वरून दिसत नाही. मुळे गेलेला निवडुंग अंगातल्या साठ्यावर कित्येक आठवडे हिरवागार दिसतो. बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला तेव्हा वर कोरडे आणि आत भिजलेले धान्य लागले, हा प्रसंग आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. भिजलेला भाग गिऱ्हाइकाला दिसेल असा वर ठेवावा, ही त्यातली शिकवण निवडुंगालाही जशीच्या तशी लागू पडते. घाऊक माल आला की प्रत्येक नग हलकेच हलवून पाहावा. डगमगणारा नग बाजूला काढावा. काही ठिकाणी निवडुंगाच्या डोक्यावर वाळलेली फुले गोंदाने चिकटवितात, किंवा वरचे खडे एकमेकांना चिकटवून टाकतात, त्यामुळे पाणी घातलेले कळतच नाही. गोल्डन बॅरलला फूल यायला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. मुठीएवढ्या रोपावर फूल दिसले तर शंका घ्यावी. लाल टोपीचे छोटे निवडुंग दुसऱ्या झाडावर कलम केलेले असतात. त्या टोपीत हरितद्रव्य नसल्याने ती एकटी जगत नाही. ते विकावेत, पण कलम आहे असे सांगून. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला शरीअतनेच दिला आहे.

‘काटेरी झाड घरात असले की भांडणे होतात,’ असे सांगून कोणी कचरेल. अपशकुन मानण्यास दीनमध्ये आधार नाही, एवढे नम्रपणे सांगावे. लहान मुलांच्या हाताला काटे लागतील म्हणून उंचावर ठेवा, हे सांगणे अधिक उपयोगाचे.

या धंद्यात भांडवल अडकते, हेही ध्यानात ठेवावे. बी पेरल्यापासून क्रिकेटच्या चेंडूएवढा गोळा व्हायला चार-पाच वर्षे जातात. सुरुवात करणाऱ्याने थोडीच रोपे आणून मातीच्या कुंडीत बसवावीत. कुंडी, लोखंडी स्टँड व धुतलेले खडे यांतही मिळकत आहे आणि ते काम आपल्याच कारागिरांचे आहे. आखातातून सुटीवर येणाऱ्यांनी रोप सामानात टाकून आणू नये. वनस्पती देशात आणायला परवाना आणि निरोगीपणाचा दाखला लागतो, शिवाय निवडुंगाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर वेगळे निर्बंध आहेत. खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. कुंडी बदलताना झाडाभोवती वर्तमानपत्राची जाड घडी गुंडाळून उचलावे, दुखावलेली मुळे दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावीत, आणि लावल्यानंतर आठवडाभर पाणी घालू नये. म्हणजे पावसाळ्यापूर्वी मुळे धरायला तीन महिने मिळतात.