लाल रेघांखालचा कोड

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी रिपॉझिटरीतून प्रोजेक्ट उतरवून घेतला, इंटेलिजे आयडियामध्ये उघडला आणि तासाभराने माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, ‘‘सर, माझ्या हातून काही बिघडलं का?’’ स्क्रीनभर लाल रेघा होत्या. ऑर्डरचा क्लास सापडत नाही, त्याचा बिल्डर सापडत नाही, ज्या पॅकेजमधून तो इम्पोर्ट केलाय ते पॅकेजही सापडत नाही. तिने एक ओळही बदललेली नव्हती. तिला हव्या असलेल्या फायली तिच्या लॅपटॉपवर अजून जन्मालाच आलेल्या नव्हत्या. हे तिला आधी सांगणं आमचं काम होतं आणि ते आमच्याकडून राहून गेलं होतं. तेव्हा तिला जे समजावून सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आमचा प्रोजेक्ट जावातला, बिल्डसाठी मेव्हन, आणि सर्व्हिसेस एकमेकींशी बोलतात त्या प्रोटोकॉल बफर्समधून, म्हणजेच प्रोटोबफमधून. हे तंत्र गूगलने २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. निरोपाचा साचा माणूस लिहितो: एका छोट्या प्रोटो फाइलमध्ये ग्राहकाचा क्रमांक हे पहिलं फील्ड, रक्कम हे दुसरं, एवढंच. ‘प्रोटॉक’ नावाचा कंपायलर तो साचा वाचतो आणि त्यातून जावाचा कोड लिहून काढतो. दहाबारा ओळींच्या साच्यातून शेकडो ओळी बाहेर पडतात: गेटर, बिल्डर, माहितीचे बाइट्स करणारा भाग आणि बाइट्समधून ती परत वाचणारा भाग. त्याच साच्यातून पायथनचा किंवा सी प्लस प्लसचा कोडही निघतो, म्हणून दोन टीम दोन भाषांत लिहीत असल्या तरी निरोपाचा अर्थ एकच राहतो. तयार झालेल्या फाइलच्या माथ्यावरच सूचना असते, की हा कोड यंत्राने लिहिलाय, यात बदल करू नका. ती सूचना शब्दशः पाळावी. आत केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला पुसली जाते.

असा कोड बहुतेक टीम रिपॉझिटरीत ठेवत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. साचा एकीकडे आणि त्यातून निघालेला जुना कोड दुसरीकडे, अशी तफावत पडली की ती शोधताना दिवस जातात. पण मग प्रत्येकाच्या मशीनवर तो कोड नव्याने तयार व्हावा लागतो, आणि कधी तयार व्हायचा हे मेव्हन ठरवतो. मेव्हनचा बिल्ड ठरलेल्या टप्प्यांनी पुढे सरकतो. ‘कंपाइल’ या टप्प्याच्या बराच आधी ‘जनरेट-सोर्सेस’ हा टप्पा येतो, आणि प्रोटोबफचं मेव्हन प्लगिन तिथेच प्रोटॉकला कामाला लावतं. कोड जातो टार्गेट फोल्डरमधल्या ‘जनरेटेड-सोर्सेस’मध्ये. टार्गेट म्हणजे मेव्हनची तात्पुरती जागा. ‘क्लीन’ केलं की सगळं साफ.

मेव्हन आणि आयडीई (आमच्याकडे इंटेलिजे) यांची दोन वेगळी खाती आहेत. आयडीई मेव्हनची पॉम फाइल वाचते आणि कुठल्या फोल्डरमध्ये सोर्स कोड आहे, कुठल्या जार लागतात, याची नोंद स्वतःपाशी करून ठेवते. प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडला तेव्हा ‘जनरेटेड-सोर्सेस’ फोल्डर अस्तित्वातच नसेल, तर त्याची नोंद होणार कशी? शिवाय टार्गेट फोल्डर इंटेलिजे एरवी आपल्या शोधातून वगळते. म्हणून लाल रेघा दिसल्या की पहिलं काम एकच: टर्मिनल उघडून मेव्हनला कंपाइल करायला सांगा. तिथे बिल्ड यशस्वी झाला, तर कोड ठणठणीत आहे आणि आयडीईचं खातं शिळं आहे. तिथेही एरर आली, तर आयडीईत कितीही बटणं दाबून उपयोग नाही.

पहिल्या प्रकाराचा उपाय सोपा. इंटेलिजेच्या मेव्हन पॅनेलमध्ये ‘जनरेट सोर्सेस अँड अपडेट फोल्डर्स’ अशी आज्ञा आहे. ती कोडही तयार करवते आणि फोल्डरची नोंदही घेते. काही जण त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘जनरेटेड सोर्सेस रूट’ अशी खूण हाताने करतात. तसं टाळावं. ती खूण तुमच्या एका मशीनपुरती असते आणि पॉम पुन्हा लोड झाल्यावर पुसली जाऊ शकते. कोड एखाद्या घरगुती स्क्रिप्टने तयार होत असेल, तर मेव्हनलाच त्या फोल्डरचा पत्ता नसतो. अशा वेळी ‘बिल्ड हेल्पर’ प्लगिनच्या ‘ॲड-सोर्स’ने तो पॉममध्येच सांगून टाकावा, म्हणजे दोन्ही खाती जुळतात. जुनी एक्लिप्स वापरणाऱ्यांना मात्र वेगळीच एरर भेटते: या प्लगिनचं काय करायचं ते लाइफसायकलच्या नोंदीत नाही. एखादं प्लगिन आपल्या बिल्डमध्ये चालवावं की सोडून द्यावं, हे ती जुनी एक्लिप्स मनाने ठरवत नाही. ते तिला पॉममध्ये लिहून द्यावं लागतं.

दुसरा प्रकार, म्हणजे खुद्द मेव्हनच अडतो तेव्हा, जास्त वेळ खातो. प्रोटॉकने लिहिलेला कोड एकटा चालत नाही. त्याला प्रोटोबफची रनटाइम लायब्ररी लागते, आणि दोघांच्या व्हर्जन जुळाव्या लागतात. नव्या प्रोटॉकने लिहिलेला कोड ‘रनटाइम व्हर्जन’ नावाचा क्लास मागतो. जुन्या जारमध्ये तो क्लास नाही, की झालं, यंत्राने लिहिलेल्या फाइलमध्येच एरर. पॉममध्ये तर प्रोटॉकची नवीन व्हर्जन लिहिलेली दिसते, मग जुनी जार आली कुठून? दुसऱ्याच एखाद्या लायब्ररीचं बोट धरून. मेव्हनच्या ‘डिपेंडन्सी ट्री’त कोण कुणाला घेऊन आलं ते दिसतं. व्हर्जनचा आकडा पॉममध्ये एकाच जागी प्रॉपर्टी म्हणून लिहावा आणि प्रोटॉक व रनटाइम या दोघांनाही तोच द्यावा.

सर्व्हिसेसमधल्या कॉलसाठी प्रोटोबफच्या जोडीने जीआरपीसी वापरणाऱ्यांना आणखी एक अडथळा लागतो. त्याच्या जनरेट झालेल्या कोडवर ‘जावाएक्स’ पॅकेजमधलं ‘जनरेटेड’ हे ॲनोटेशन असायचं. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ ने ते ॲनोटेशन जेडीकेतून काढून टाकलं. त्यामुळे जावा ८ वर वर्षानुवर्षं चाललेला प्रोजेक्ट, कुणी काही न बदलता, नव्या जेडीकेवर कंपाइल होईना. ‘जावाएक्स ॲनोटेशन’ची छोटी जार डिपेंडन्सी म्हणून जोडली की काम होतं. जकार्ताची नवी जार इथे चालत नाही, कारण तिच्यात पॅकेजचं नावच बदललंय.

प्रोटॉक स्वतः जावात लिहिलेला नाही, त्यामुळे त्याची बायनरी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि चिपसाठी वेगळी असते. ॲपलने २०२० मध्ये मॅकमध्ये स्वतःची चिप आणली तेव्हा जुन्या प्रोटॉकची तिच्यासाठी बायनरीच नव्हती. शेजारच्या लिनक्सवर बिल्ड होतोय आणि नव्या मॅकवर फाइल सापडत नाही, असं दिसलं तर सरळ प्रोटॉकची व्हर्जन वाढवावी.

आता आमच्या त्या मुलीकडे परत येतो. मेव्हनचा बिल्ड झाला, फोल्डर अपडेट झाले, लाल रेघा गेल्या, पण एका क्लासपाशी त्या तशाच राहिल्या. फाइल डिस्कवर होती, फोल्डरची नोंद होती, आणि आश्चर्य म्हणजे प्रोग्रॅम चालतही होता. कारण होतं फाइलचा आकार. इंटेलिजे ठरावीक मर्यादेपलीकडच्या फायली आतून तपासत नाही. मूळची मर्यादा २५०० किलोबाइट असते, आणि शेदीडशे मेसेज एकाच प्रोटो फाइलमध्ये असले की त्यातून निघालेली जावा फाइल ती सहज ओलांडते. ‘एडिट कस्टम प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ही मर्यादा वाढवता येते, मग आयडीई बंद करून पुन्हा सुरू करायची. तिच्यासाठी त्या दिवशी आम्ही तेच केलं. पण प्रत्येक नव्या माणसाला आपल्या मशीनवर हेच पुन्हा करावं लागणार, म्हणून पुढच्या आठवड्यात साच्याच्या फाइलमध्ये ‘जावा मल्टिपल फाइल्स’ हा पर्याय चालू केला. त्याने प्रत्येक मेसेजची वेगळी जावा फाइल तयार होते. हे करताना क्लास आधीच्या मोठ्या क्लासच्या पोटातून बाहेर येतात, त्यामुळे जुने इम्पोर्ट सगळीकडे बदलावे लागतात. त्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, आणि त्या कमिटमध्ये दुसरा कुठलाही बदल मिसळू नये.