जक्कयचा हिशेब

घरात काही बिघडलं की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे जातं. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात हेच दिसतं. आदामाने दोष हव्वेवर ढकलला आणि हव्वेने सापावर.

लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातला जक्कय मात्र वेगळा. यरीहोचा हा मुख्य जकातदार श्रीमंत होता, पण लोकांच्या नजरेत पापी. येशूला पाहायला हा ठेंगणा माणूस उंबरावर चढला. "आज तुझ्या घरी उतरणार," असं येशूने सांगताच लोक कुरकुरले.

जक्कयने रोमी सरकारला दोष दिला नाही. 'सगळेच असं करतात,' असंही म्हटलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि कोणाला लुबाडलं असेल तर चौपट परत, असा शब्द त्याने दिला.

'मी पापी आहे' म्हणणं सोपं असतं. नुकसान भरून देताना खरी नम्रता कळते. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. येशूने आधी त्याला जवळ केलं, हिशेब नंतर झाला. देव आपल्याला टाकणार नाही, ही खात्री असली की चूक लपवावी लागत नाही.

तुमच्याकडून कोणाचे पैसे द्यायचे राहिलेत? की माफीचा एक शब्द? समोरच्याची वाट पाहू नका. आजच तुम्ही फोन करा.